वारसा आणि वारस

ब्रुसेल्स नगरीच्या अँडरलेख्त भागात 1900 साली सुरू झालेली कँटियाँ नावाची लहानशी ब्रुअरी आजही चालू आहे. थंडीच्या दिवसांत तेथे गहू आणि मोड आणून वाळवलेले सातू यांचा उकळलेला अर्क उथळ, उघड्या पात्रात रात्रभर निवत ठेवतात. त्यात यीस्ट घालीत नाहीत. हवेतील सूक्ष्मजीवच तो आंबवतात. मग एक ते तीन वर्षे तो लाकडी पिंपांत मुरतो. कोठारातील कोळिष्टकेही झाडीत नाहीत, कारण माश्यांचा बंदोबस्त कोळ्यांकडे सोपविलेला आहे! ही विद्या येथे सासऱ्याकडून जावयाकडे आणि जावयाकडून नातवाकडे आली.

मद्याची भलावण करण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. दारूपायी धुळीस मिळालेले संसार आम्ही पाहिले आहेत. आमचा प्रश्न आहे तो पिढीजात कारागिरीचा.

विसाव्या शतकाच्या आरंभी चिमुकल्या बेल्जियममध्ये तीन हजारांहून अधिक ब्रुअऱ्या होत्या. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने त्यांची तांब्याची भांडी काढून नेली. पण शत्रूने जे केले त्याहून अधिक पुढे शांततेच्या काळात भांडवलाने केले. मोठ्या कारखान्यांनी लहानांना गिळले आणि शतक संपण्यापूर्वीच ही संख्या शे-सव्वाशेवर आली.

हूगार्डन गावाची कथा या दृष्टीने बोलकी आहे. तेथील गव्हाची पांढरी बिअर 1950 नंतरच्या दशकात लुप्त झाली. शेजारच्या ब्रुअरीत लहानपणी हातभार लावलेल्या पियेर सेलिस या दूधवाल्याने 1966 मध्ये ती पुन्हा जिवंत केली. 1985 साली आगीने घात केला. विम्याची रक्कम अपुरी पडली आणि मोठ्या कंपनीचे भांडवल आत आले. तेच पुढे मालक झाले. 2005 मध्ये तर उत्पादन गावातून हलविण्याची घोषणा झाली. गावकरी रस्त्यावर उतरले. 2007 मध्ये कंपनीला माघार घ्यावी लागली. गावाची बिअर गावात राहिली ती लोकांमुळे, मालकांमुळे नव्हे.

युनेस्कोने 2016 साली बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. हा गौरव उचितच होय. परंतु प्रशस्तिपत्राने पिंपे भरत नाहीत. पिपे गावी 1769 पासून एकाच घराण्याच्या हाती असलेली द्युब्युईसाँ ब्रुअरी टिकली, ती आठ पिढ्यांनी धंदा विकला नाही म्हणून. ब्रुगे शहरातील एका घराण्याने 2016 मध्येच जुनी जागा न सोडता शहराखालून तीन किलोमीटरहून लांब नळ टाकला. त्यासाठी नागरिकांनीही पैसे दिले. वारस खंबीर आणि गाव पाठीशी असेल, तरच वारसा जगतो. आता हिवाळेच सौम्य होत चालले असून कँटियाँसारख्यांचा हंगाम आखडत आहे. या संकटापुढे मात्र घराण्याची जिद्द एकटी पुरणार नाही.

आपल्या गोव्यातही काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले. कागद हाती आला; पण डोंगरावरच्या भट्टीशी उद्या कोण बसणार, याचे उत्तर कागदात नसते. ते घरात आणि गावातच शोधावे लागते.