आधी सही, मग शिकवणी
ग्राहक आणि मोबाइल : लेखांक 6

अजिंठ्याची लेणी आपण ढोबळपणे छत्रपती संभाजीनगरची म्हणतो. महसुली नकाशात ती सोयगाव तालुक्यात येतात. लेण्यांजवळच्या फर्दापूरच्या टी-पॉइंटवर देशोदेशीचे पर्यटक उतरतात, म्हणून इथल्या गाइडला किंवा रंगीत दगड विकणाऱ्याला परकी भाषा ही हौस नसते, पोटाची सोय असते. त्याच तालुक्यात बंजारा तांड्यावरच्या मुलाची घरची बोली गोरमाटी, शाळेची भाषा मराठी आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत विचारली जाते ती इंग्रजी. चांगला क्लास गावात असेलच असं नाही, फोन असतो. गेल्या लेखांकात ऑनलाइन खरेदीतल्या परताव्याबद्दल लिहिलं होतं. या वेळी या मुलाच्या फोनवरच्या, भाषा शिकवणाऱ्या ॲपबद्दल.

ॲप उतरवलं की पहिले काही धडे फुकट मिळतात, मग सात दिवसांची ‘फ्री ट्रायल’ समोर येते आणि तिच्या खाली बारीक अक्षरांत अटी-शर्ती. मुदत संपली की वर्षाची रक्कम आपोआप कापली जाईल, पुढच्या वर्षी पुन्हा कापली जाईल, परतावा कधी मिळणार नाही, वाद झाला तर तो कुठे चालेल, हे सगळं तिथे असतं आणि बहुतेक वेळा इंग्रजीत असतं. इंग्रजी येत नाही म्हणून जो पैसे मोजतो आहे, त्याच्याकडून पहिली संमती इंग्रजीतच घेतली जाते. पोहायला शिकायला आलेल्या पोराला ‘आधी विहीर ओलांडून ये’ म्हणण्यासारखं आहे हे. माझं म्हणणं एवढंच, की अशा संमतीला कायद्याने संमती मानू नये. भाषा शिकवणाऱ्या सेवेची किंमत, मुदत आणि ती बंद करण्याची रीत शिकणाऱ्याला येत असलेल्या भाषेत सांगणं सक्तीचं हवं.

ही मागणी आभाळातून पडलेली नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2024 मध्ये कर्जांबाबत काढलेल्या परिपत्रकानुसार, कर्जाचा खरा खर्च सांगणारं विवरणपत्र कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची जून 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत त्याचा खुलासाही हवा. ‘तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी’ असं मराठीत म्हणायचं आणि त्याखालचं ‘निकाल व्यक्तीनुसार बदलू शकतात’ मात्र इंग्रजीत, हे त्यात बसत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तर माहिती गोळा करण्याआधीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला दिला आहे. मराठी त्या अनुसूचीत आहेच. म्हणजे आपला डेटा कशासाठी घेतला जातो हे मराठीत कळण्याची सोय कायद्याने केली. खिशातून पैसे कसे जातील हे मराठीत कळण्याची सोय ग्राहक कायद्यात नाही. (दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून आपण सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलो. दुकानाच्या आतल्या कराराकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.)

आता पैशांची गोष्ट. ॲप फोनमधून काढून टाकलं की वर्गणी थांबते असा समज सर्रास आहे आणि तो चुकीचा आहे. वर्गणी प्ले स्टोअरच्या खात्यात किंवा यूपीआयच्या ऑटोपेमध्ये जिवंत राहते. ती तिथे जाऊन वेगळी बंद करावी लागते. नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ज्या 13 फसव्या रचनांना, म्हणजे ‘डार्क पॅटर्न’ना, मनाई केली त्यांत ‘सबस्क्रिप्शनचा सापळा’ आहे. नको म्हणणाऱ्याला लाजवणारी वाक्यं आहेत. ‘आता दहाच मिनिटं उरली’ अशी खोटी घाईही आहे. अमेरिकेत मुलांना वाचन-गणित शिकवणारं एबीसीमाउस हे ॲप चालवणाऱ्या कंपनीने सप्टेंबर 2020 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत 1 कोटी डॉलर भरून तडजोड केली. वर्गणी सहज रद्द करता येईल असं सांगून प्रत्यक्षात ती वाट अवघड करून ठेवली, हा मुख्य आक्षेप होता. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑटो-कपातीआधी किमान 24 तास सूचना यावी लागते. सूचना येते, पण ती इंग्रजीत आली तर ओटीपीच्या आणि जाहिरातींच्या ढिगात वाहून जाते.

यावर पहिला आक्षेप असा, की ॲप तर फुकट आहे, मग तक्रार कसली? यात तथ्य आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मोबदला देणारा किंवा देण्याचं कबूल करणाराच ग्राहक. फुकट वापरणारा त्यात येत नाही. पण तोही काहीतरी देतोच : स्वतःची माहिती. 2023 मध्ये ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपच्या सुमारे 26 लाख वापरकर्त्यांची नावं आणि ईमेल हॅकरांच्या फोरमवर पोचले होते. दुसरा आक्षेप : भाषा आली नाही तर दोष शिकणाऱ्याचा. हेही खरं, आणि न शिकल्याबद्दल भरपाई मागा असं मी म्हणत नाही. कबूल केलेले धडे आणि कबूल केलेली किंमत, एवढ्यापुरताच वाद आहे. तिसरा आक्षेप वकिली आहे : शिक्षण ही ‘सेवा’च नव्हे, असं न्यायालयांनी म्हटलं आहे ना? म्हटलं आहे, पण शिक्षणसंस्थांबाबत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी 2020 च्या मनु सोळंकी प्रकरणात कोचिंग क्लास मात्र ग्राहक कायद्याच्या कक्षेत ठेवले. भाषा शिकवणारं ॲप विद्यापीठापेक्षा क्लासच्या जवळचं आहे, हे सांगायला वकील लागू नये. उरला खर्चाचा मुद्दा. कराराच्या दोन-चार ओळी मराठीत करणं परवडत नाही असं जर भाषा शिकवण्याचाच धंदा करणारी कंपनी म्हणू लागली, तर तिच्याकडून शिकावं का, हाच विचार करावा लागेल.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर सोयगावकरांच्या हातात जे आहे ते कमी नाही. परदेशी न्यायालय किंवा लवाद अटींत लिहिलेला असला तरी ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि सुनावणी व्हिडिओद्वारे घ्यावी असा अर्जही करता येतो. लेण्यांपासून शंभर किलोमीटरवर असलेल्या त्या शहरात प्रत्येक तारखेला जावंच लागेल असं नाही. पण हजार-दोन हजारांसाठी आयोगापर्यंत जाण्याआधी तीन गोष्टी करा : ट्रायल सुरू केली त्या दिवशीच किंमत आणि मुदत दाखवणाऱ्या पडद्याचा स्क्रीनशॉट ठेवा, ऑटोपेचं मँडेट बंद करा, आणि ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. नाही दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. तिथे मराठीत बोलता येतं.