उतरावें कोठें?

सहलीचा बेत ठरण्यास वेळ लागत नाहीं. चहाच्या निमित्तानें चार कुटुंबें एकत्र जमलीं, कोणीं शेगांवचें नांव काढलें, कोणीं लोणारचें, आणि मुलांनीं टाळ्या पिटल्या कीं बेत ठरला. मग तारीख ठरते, गाडी ठरते, बरोबर न्यावयाच्या फराळाची वांटणीहि होते. राहतां राहतो तो एकच प्रश्न : उतरावें कोठें? "तेथें गेल्यावर पाहूं" असें कोणी तरी म्हणतो, सर्वांना तें पटतें, आणि पहिल्याच संध्याकाळीं सारी मंडळी पेट्यापिशव्यांसह रस्त्याच्या कडेला उभी राहते. दोघे पुरुष गांवांतील लॉज पालथे घालीत असतात. मुलें भुकेलेलीं असतात. वडील माणसें कांहीं बोलत नाहींत, पण त्यांचे पाय बोलत असतात. शेवटीं जी जागा मिळते ती निवडलेली नसते, पदरीं पडलेली असते.

एकट्या प्रवाशाला पदरीं पडलेली जागा चालून जाते. मंडळीचें तसें नाहीं. मंडळींत वृद्ध असतात, तान्हीं मुलें असतात, पथ्य पाळणारे असतात, उशिरां झोंपणारे आणि पहांटे उठणारे असतात. या साऱ्यांना एका छपराखालीं सुखानें नांदवील अशी जागा आपोआप सांपडत नाहीं. ती शोधावी लागते.

शोधास निघतांना प्रथम शब्दांचा घोटाळा दूर करणें बरें. वऱ्हाडांतल्या लहान गांवीं 'हॉटेल कोठें आहे' असें विचारलें, तर पुष्कळदां चहा-भज्यांचें दुकान दाखविण्यांत येतें. निजावयाच्या जागेला लोक 'लॉज' म्हणतात. तीर्थक्षेत्रीं भक्तनिवास आणि धर्मशाळा असतात. सरकारी विश्रामगृहें असतात, पण तेथें सरकारी कामासाठीं आलेल्यांचा अधिकार पहिला, हें विसरूं नये. या प्रत्येक जागेची रीत निराळी, दर निराळा आणि शिस्तहि निराळी.

जागा कशी पारखावी याचा विचार नवा नाहीं. मुंबईकडून भुसावळमार्गें येणारा लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला, आणि वऱ्हाडांतला प्रवास पार बदलून गेला. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं त्या वेळच्या सरकारनें सराईंविषयीं एक कायदा केला. सराईवाल्यानें आपल्या जागेची नोंद करावी, खोल्या, पडव्या, गटारें, विहिरी आणि हौद स्वच्छ ठेवावे, भिंती, दारें आणि छपरें दुरुस्त ठेवावीं, राखणदार नेमावे, आणि दरांचें पत्रक लावून ठेवावें, अशीं कलमें त्यांत होतीं. दीडशेंहून अधिक वर्षांपूर्वींची ही यादी आजहि जुनी झालेली नाहीं. स्वच्छता, पाणी, दुरुस्ती, राखण आणि उघड दर या पांच गोष्टी ज्या घरांत नाहींत, त्या घराच्या दर्शनी भागावर कितीहि दिवे लावलेले असले तरी तेथें मंडळी नेऊं नये.

आतां एक उदाहरण घेऊन पाहूं. समजा, नागपुराहून पांच कुटुंबांतील चौदा माणसें दोन रात्रींसाठीं बुलढाणा जिल्ह्यांत निघालीं आहेत. त्यांत पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजीबाई आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, आणि बहुधा हा त्यांचा शेवटचाच मोठा प्रवास असणार आहे. त्यांना शेगांवीं गजानन महाराजांच्या समाधीचें दर्शन घ्यावयाचें आहे. शाळकरी मुलांना लोणारचें तळें पाहावयाचें आहे. एका गृहस्थांना जिजाबाईंचें जन्मस्थान सिंदखेड राजा आणि तेथील लखुजी जाधवांचा वाडा पाहिल्यावांचून परतावयाचें नाहीं. जिल्हा एक, पण इच्छा तीन. आणि त्या तिन्हींना पुरेल असा मुक्काम ठरवावयाचा आहे.

प्रथम नकाशा पाहावा. शेगांव जिल्ह्याच्या उत्तर भागांत, पूर्णा नदीच्या सपाट खोऱ्यांत, हमरस्त्याच्या लोहमार्गावर आहे. लोणार आणि सिंदखेड राजा हीं दक्षिणेकडे, घाट चढून गेल्यावर पठारावर आहेत. शेगांवाहून लोणार शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. म्हणजे दोन्ही रात्रीं शेगांवीं उतरून लोणार पाहावयाचें म्हटलें, तर दिवसाचा पुष्कळसा भाग गाडींतच जातो. मुलें गाडींत झोंपतात आणि आजीबाईंचे गुडघे आखडतात. 'एकाच ठिकाणीं सामान ठेवूं' हा विचार सोयीचा वाटतो, पण येथें तो महाग पडतो.

यापेक्षां पहिली रात्र शेगांवीं आणि दुसरी लोणारास काढावी. लोणारास जागा न मिळाली तर तेथून वीस-पंचवीस किलोमीटरांवर मेहकर आहे. तिसऱ्या दिवशीं सकाळीं सिंदखेड राजा पाहून परतीला लागतां येतें. समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला, आणि त्यावर मेहकर व सिंदखेड राजा येथें चढण्या-उतरण्याची सोय आहे. त्यामुळें परतीचा प्रवास पूर्वीपेक्षां पुष्कळ हलका झाला आहे. उन्हाळ्यांत जाणाऱ्यांनीं बुलढाणा शहराचाहि विचार करावा. तें अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, दोन हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलेलें आहे, आणि खालच्या खोऱ्यांतल्या गांवांपेक्षां तेथली रात्र सुसह्य असते.

गांव ठरल्यावर घर ठरवावयाचें. येथें बहुतेक मंडळी चुकतात ती अशी : सर्वांत उत्साही माणसाला विचारून जागा निवडतात. त्याला वरच्या मजल्यावरचा सज्जा आवडतो, भिंतीचा रंग आवडतो, छायाचित्र आवडतें. वस्तुतः जागा निवडावी ती मंडळींतल्या सर्वांत अशक्त माणसाकडे पाहून. ज्या घरांत आजीबाईंना तळमजल्यावर खोली आहे, खोलीला लागून शौचकूप आहे, तें पाश्चात्त्य पद्धतीचें आहे आणि न्हाणीघराची फरशी घसरडी नाहीं, त्या घरांत तरुणांना कांहींच कमी पडत नाहीं. उलट, तरुणांच्या आवडीनें निवडलेल्या घरांत म्हातारें माणूस दोन दिवस कैद्यासारखें बसून राहतें, आणि कोणाला त्रास नको म्हणून पाणीहि कमी पितें.

दुसरी गोष्ट न्हाणीघरांची. हा साधा त्रैराशिकाचा प्रश्न आहे. चौदा माणसांत दोन न्हाणीघरें असलीं आणि प्रत्येकाला पंधरा मिनिटें लागलीं, तर सात पाळ्या होतात, म्हणजे १०५ मिनिटें. पांच खोल्यांना पांच न्हाणीघरें असलीं, तर तीन पाळ्यांत, म्हणजे ४५ मिनिटांत सारे तयार होतात. हा वांचलेला तास सकाळचा असतो, आणि तीर्थक्षेत्रीं काय किंवा लोणारच्या काठावर काय, सकाळच्या तासासारखा दुसरा तास नाहीं. ऊन पाणी किती वेळ मिळतें आणि वीज गेल्यास काय सोय आहे, हेंहि याच वेळीं विचारून घ्यावें.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच कोणी विचारीत नाहीं : सर्वांना एकत्र बसावयाला जागा आहे काय? खोल्या कितीहि उत्तम असल्या आणि दारें लागलीं कीं पांच कुटुंबें पांच दिशांना गेलीं, तर मंडळीनें एकत्र निघण्याचें प्रयोजन काय? एक अंगण, एक रुंद पडवी, निदान चार खुर्च्या आणि एक सतरंजी मावेल अशी गच्ची पाहिजे. दिवसभर जें पाहिलें त्याची गोष्ट रात्रीं सांगितली जाते ती येथें. लहान टुमदार घराचें महत्त्व यांतच आहे. मोठ्या इमारतींत उतारू हा एक क्रमांक असतो. आठदहा खोल्यांच्या घरांत मालक दुसऱ्या दिवशीं 'आजींना चहा बिनसाखरेचा ना?' असें विचारतो. हें अगत्य दरपत्रकावर छापलेलें नसतें.

चौथी गोष्ट पैशाची. समजा, असें सोयीचें घर खोलीला १,५०० रुपये सांगतें आणि दुसरें, जिना चढून जावयाचें, १,२०० सांगतें. पांच खोल्यांचे ७,५०० आणि ६,०००. फरक दीड हजाराचा. चौदा जणांत वांटला तर माणशीं रात्रीला सुमारें १०७ रुपये. एवढ्यासाठीं आजीबाईंना दोन जिने चढावयास लावणें हा हिशोब नव्हे. मात्र ठरलेल्या दरांत काय काय आलें, हें आधींच लिहून घ्यावें : जादा गादीचे किती, गाडी उभी करण्याचे किती, कर धरला आहे कीं निराळा. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडें असलेल्या खोलीवर वस्तु व सेवा कर ५ टक्के आहे. खोली दुपारीं बारापर्यंतच आपली, कीं आल्या वेळेपासून चोवीस तास, हेंहि विचारावें. भांडणें बहुधा यावरूनच होतात.

पांचवी गोष्ट चौकशीची. मोबाइलवरील छायाचित्रांत लहान खोली मोठी दिसते आणि शेजारचा गोंगाट तर दिसतच नाहीं. परक्यांचे अभिप्राय वाचावे, पण स्तुति सोडून द्यावी आणि एकच तक्रार पुनःपुन्हां येते काय, एवढेंच पाहावें. त्यानंतर स्वतः फोन करावा. 'सोय चांगली आहे ना?' असें विचारलें तर 'आहे' हेंच उत्तर येणार. 'तळमजल्यावर किती खोल्या रिकाम्या आहेत? रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत? रात्रीं दहाला पोंचलों तर भाकरी मिळेल काय?' असे प्रश्न विचारावे. नेमक्या प्रश्नाला नेमकें उत्तर देणारा मालक बहुधा विश्वासाचा असतो. ओळखीचें कोणी जवळच्या गांवीं असल्यास त्यांना एकदां डोळ्यांनीं पाहून येण्याची विनंति करावी.

सहावी गोष्ट पंचांगाची. माघ वद्य सप्तमीचा प्रकटदिन, रामनवमी आणि ऋषिपंचमी या दिवशीं शेगांवीं पाय ठेवावयास जागा नसते. गुरुवारींहि गर्दी असते. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जयंतीनिमित्त सिंदखेड राजास जनसागर लोटतो. होळीच्या सुमारास चिखलीकडे सैलानी बाबांची यात्रा भरते, आणि नवरात्रांत लोणारास कमळजादेवीची. या दिवसांचा आनंद ज्यांना हवा असेल त्यांनीं अवश्य जावें, पण मुक्काम पुष्कळ आधीं ठरवून जावें. निवांतपणा हवा असणाऱ्यांनीं हे दिवस टाळावे.

शेगांवीं संस्थानचीं भक्तनिवासें स्वच्छतेसाठीं आणि सेवेकऱ्यांच्या शिस्तीसाठीं प्रसिद्ध आहेत. कित्येक कुटुंबांना त्यांहून अधिक कांहीं नकोच असतें. मात्र तीं भक्तांसाठीं बांधलेलीं आहेत. रात्रीं उशिरांपर्यंत गाणीं आणि पत्त्यांचे डाव रंगवावयाचे असतील, तर अशा मंडळीनें दुसरी जागा पाहणें, हें त्या जागेचा मान राखणें आहे. खोल्या कशा मिळतात त्याचे नियम संस्थानाकडूनच आधीं विचारून घ्यावे.

आतां लोणारकडे वळूं, कारण निवडीची खरी परीक्षा तेथें आहे. उल्कापातानें काळ्या खडकांत पडलेला हा खळगा सुमारें १·८ किलोमीटर रुंद असून तळाशीं खाऱ्या पाण्याचें तळें आहे. जून २०२० मध्यें त्याचें पाणी सूक्ष्म जीवांमुळें गुलाबी झालें होतें, आणि त्याच वर्षीं रामसर यादींत त्याची गणना झाली. काठापासून तळापर्यंत उतार सव्वाशें मीटरांहून अधिक आहे. मुलें तो धांवत उतरतील; आजीबाई उतरणार नाहींत. मग त्या दिवसभर कोठें असतील? गांवापासून दूर, रस्त्याकडेच्या लॉजवर मुक्काम केला असेल, तर बंद खोलींत, पंख्याकडे पाहत. काठाजवळच्या घरीं उतरलें असेल, तर चार पावलांवर जाऊन त्यांनाहि तळें वरून पाहतां येईल. आणि गांवांतच, सपाटीवर असलेलें दैत्यसूदनाचें प्राचीन मंदिर कोणाच्या तरी हाताला धरून सावकाश पाहतां येईल. दोन घरांच्या भाड्यांत फारसा फरक नसेल. फरक असेल तो एवढाच कीं, एका घरीं आजीबाई सामानाची राखण करावयास आल्या होत्या, आणि दुसऱ्या घरीं त्या सहलीला आल्या होत्या.

संध्याकाळीं मुलें धापा टाकीत वर येतात, पायांना चिखल, हातांत दोनचार खडे. अंगणांत सतरंजी पसरलेली असते, आंतून पिठल्याचा वास येत असतो. मुलें तळाशीं काय पाहिलें तें सांगूं लागतात आणि आजीबाई मंदिरांतल्या मूर्तीविषयीं सांगतात. मुलांना ती मूर्ति पाहावयाची राहून गेलेली असते. म्हणून तीं हट्ट धरतात कीं, उद्यां सकाळीं निघण्यापूर्वीं आजींनीं आपल्याला तेथें न्यावें. नेणाऱ्या आजी असतात, आणि मागून चालणारीं मुलें. जागा निवडतांना घेतलेले सारे श्रम त्या घटकेला भरून पावतात.