फॉरवर्ड करताय? दोन सेकंद थांबा!

सायबर बुलिंग म्हटलं की आपल्याला दोनच माणसं दिसतात. त्रास देणारा आणि त्रास सोसणारा. पण यात तिसराही एक जण असतो. आणि तो तुमच्या-माझ्याच मोबाइलमध्ये बसलाय...

'अरे, हे बघितलंस का?' असा मेसेज आणि खाली एक फोटो. ग्रुप ऑफिसचा असो, कॉलेजच्या बॅचचा असो नाहीतर सोसायटीतल्या 'यंगस्टर्स'चा, सीन सगळीकडे सेम! कुणाचा तरी वरातीत नाचतानाचा व्हिडिओ, कुणाच्या ब्रेकअपचे स्क्रीनशॉट्स, कुणाच्या इंग्लिशची खिल्ली. चार-पाच हसरे इमोजी पडतात, दोघं जण तो पुढे ढकलतात आणि उरलेले चाळीस जण गप्प. 'आपण कुठे काय केलं? आपण तर फक्त बघितलं,' हा आपला फंडा.

नेमकी इथेच गोम आहे.

चार दिवस, चाळीस माणसं

माझी एक मैत्रीण हिंजवडीत आयटीत होती. ठरलेलं लग्न मोडलं आणि काही दिवसांत इन्स्टाग्रामवर तिच्या नावाने एक खोटं प्रोफाइल उघडलं गेलं. फोटो तिचेच, सोबत तिचा मोबाइल नंबर आणि नको तो मजकूर. रात्री-अपरात्री अनोळखी नंबरांवरून फोन यायला लागले. तिला वाटलं, कुणीतरी नंबर चुकवतंय. खरा प्रकार कळला चौथ्या दिवशी, तोही कॅन्टीनमधली कुजबुज कानावर पडली म्हणून! तोपर्यंत त्या प्रोफाइलची लिंक तिच्या अख्ख्या फ्लोअरवर फिरून आली होती.

तक्रार द्यायला मी तिच्यासोबत गेले होते. ज्याने हे केलं त्याचा राग तिला होताच. पण वाटेत ती पुन्हा पुन्हा वेगळंच बोलत होती. ज्यांच्याबरोबर ती रोज डबा खायची, त्यांच्यापैकी एकालाही तिला बाजूला घेऊन सांगावंसं वाटलं नाही, हे तिला पचत नव्हतं. प्रोफाइल यथावकाश बंद झालं. तिने नंबर बदलला आणि तीन महिन्यांनी नोकरीही सोडली. त्या फ्लोअरवर जाणंच तिला नको झालं होतं.

बुलीला हवं असतं पब्लिक

शाळेतली दादागिरी आठवा. रिकाम्या वर्गात कुणी कुणाला चिडवत नाही. बघायला चार जण लागतात, हसायला दोन जण लागतात. फिनलंडमधल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्तिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्येच हे अभ्यासातून मांडलं. वर्गात कुणी बुलीला साथ देतं, कुणी टाळ्या पिटतं, कुणी बाजूला उभं राहतं आणि अगदी थोडे जण त्रास होणाऱ्याच्या बाजूने उभे राहतात. याच विचारातून तुर्कू विद्यापीठात 'किवा' हा कार्यक्रम तयार झाला आणि २००९ पासून तो फिनलंडभरच्या शाळांमध्ये पोहोचला. फिनिश भाषेत किवा म्हणजे छान, मस्त! या कार्यक्रमाचा रोख एकट्या बुलीवर नसतो, तर बघणाऱ्या सगळ्या वर्गावर असतो. चाचण्यांमध्ये त्याने बुलिंग कमी झाल्याचं दिसलंसुद्धा.

नेटवर तर हे पब्लिक आणखी सोपं होतं. समोरच्याचा रडवेला चेहरा दिसत नाही. शाळा सुटल्याची घंटा होत नाही. आणि एकदा काढलेला स्क्रीनशॉट कुठून कधी वर येईल, याचा नेम नाही.

'पोरं आहेत, मजा करतात'

खरंच? १ जानेवारी २०२२ ला, लोक एकमेकांना हॅपी न्यू इयर म्हणत होते तेव्हा, गिटहबवर 'बुल्ली बाई' नावाचं ॲप उघड झालं. मुस्लिम महिलांचे सोशल मीडियावरचे फोटो उचलून त्यांचा 'लिलाव' मांडला होता. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. विक्री कसलीच नव्हती. हेतू एकच, चारचौघांत अपमान. २०२१ च्या जुलैमध्ये 'सुल्ली डील्स' नावाने हाच प्रकार घडून गेला होता. मुंबईच्या सायबर पोलिसांनी जानेवारी २०२२ मध्ये धरपकड सुरू केली. पहिला निघाला बेंगळुरूमधला २१ वर्षांचा इंजिनीअरिंगचा विद्यार्थी. पाठोपाठ उत्तराखंडमधली एक तरुणी. अटक म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही, हे मान्य. पण ही वयं बघून अनेक आईबाबा हादरले. मवाली, टपोरी अशी जी आपली कल्पना असते, त्यात ही मुलं कुठेच बसत नव्हती.

गर्दी पांगवा, तमाशा संपतो

आता गुड न्यूज. गर्दी कमी केली की फरक पडतो. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एक मेसेज एका वेळी पाचच चॅट्सना पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनेच सांगितलं. ते पाठवायला बंदी नव्हती. फक्त दोन बोटं जास्त चालवावी लागत होती!

इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये 'रिस्ट्रिक्ट' आणलं. तुम्ही कुणाला रिस्ट्रिक्ट केलंत, की तुमच्या पोस्टवरची त्याची नवी कमेंट त्याला स्वतःला दिसते, इतरांना नाही. त्याला पत्ताही लागत नाही. बोंबलत बसतो बिचारा, पण ऐकायला कुणी नाही. सॉलिड ना? अमेरिकेतल्या त्रिशा प्रभू या भारतीय वंशाच्या शाळकरी मुलीने 'रीथिंक' तयार केलं, तेही याच धर्तीवर. जिव्हारी लागेल असं काही टाइप केलंत, की पाठवण्याआधी ते विचारतं, नक्की पाठवायचंय का? हा प्रोजेक्ट २०१४ मध्ये गुगल सायन्स फेअरच्या अंतिम फेरीत पोहोचला.

'मी फक्त पुढे पाठवलं'

सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये आयटी ॲक्टचं कलम ६६ ए रद्द केलं, तेव्हा अनेकांनी समजून घेतलं की आता रान मोकळं. चूक! परवानगीशिवाय कुणाच्या खासगी अवयवांचे फोटो काढणं किंवा पसरवणं कलम ६६ ई मध्ये येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. अश्लील मजकुरासाठी कलम ६७ आहे आणि त्यात प्रसिद्ध करणाऱ्याबरोबर पाठवणाराही सापडतो. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. म्हणजे 'मी फक्त फॉरवर्ड केलं' हा बचाव नाही, ती जवळपास कबुलीच आहे! ऑफिसातल्या लैंगिक स्वरूपाच्या त्रासासाठी २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते. ती तुमच्याकडे आहे का, एचआरला आजच विचारा.

तुमच्या ग्रुपवर आलं तर?

• फॉरवर्ड नको, हसरा इमोजीही नको. तोही टाळीच असते.

• ज्याच्याबद्दल आहे त्याला लगेच, एकट्याला सांगा. 'तुला वाईट वाटेल' म्हणून लपवू नका.

• ब्लॉक करण्याआधी लिंक, युजरनेम, तारीख आणि वेळ नोंदवून ठेवा. अश्लील फोटो मात्र स्वतःकडे साठवू नका.

• तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर द्या. महिला आणि मुलांविषयीची ठरावीक तक्रार तिथे नाव न देताही करता येते. लहान मुलांसाठी १०९८ आहेच.

• खासगी फोटो पसरवण्याची धमकी आली असेल तर 'स्टॉपएनसीआयआय' बघा. फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो, फक्त त्याचा डिजिटल ठसा सहभागी कंपन्यांना जातो आणि तो फोटो त्यांच्याकडे अपलोड झालाच तर ओळखला जातो. १८ वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' आहे.

• मन खचलं असेल तर टेली मानस, १४४१६. फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आणि ग्रुपवर बोलायचं धाडस? चाळीस जणांत एक जण बोलला की दुसऱ्याला धीर येतो. त्यासाठी भाषण ठोकायची गरज नाही. आपल्या मराठीत तीन शब्द पुरतात. 'काढून टाक रे.'