डिस्लेक्सिया : दहावीचा दाखला कॉलेजात पुरतो का?

बहुतेकदा नाही, आणि घोळ इथेच होतो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेची तपासणी आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी होते. अठराव्या वर्षीचं प्रमाणपत्र मात्र आयुष्यभर चालतं. त्यामुळे बारावीच्या सुट्टीतच तपासणीच्या मागे लागलेलं बरं. दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, म्हणजे यूडीआयडी कार्डाचा, अर्ज ऑनलाइन करता येतो.

परीक्षेतल्या सवलतीचा अर्ज द्यायचा कुणाकडे? नाशकात केटीएचएम, एचपीटीसारखी कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न; वैद्यकीय अभ्यासक्रम म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे; घरी राहून शिकणाऱ्यांना मुक्त विद्यापीठ. परीक्षेचा फॉर्म भरतानाच सवलतीचा अर्ज जोडा आणि पोच घ्या. तोंडी आश्वासन हॉलमधल्या पर्यवेक्षकाला दिसत नाही.

मिळतं काय? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सिया स्पष्टपणे येतो. 40 टक्के वा अधिक अक्षमता असेल, तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव. लेखी परीक्षेत लेखनिक किंवा वाचक, शिवाय तासाला किमान 20 मिनिटं जादा: तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. 40 टक्क्यांच्या खाली असाल तरी लिहिण्यात अडचण असल्यास लेखनिक नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये सांगितलं. त्याच वर्षी डिसग्राफिया (लेखनातली अक्षमता) असलेल्या एका विद्यार्थिनीला वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’मध्ये हा जादा तास मिळाला नाही. न्यायालयाने अन्याय मान्य केला, फेरपरीक्षा मात्र दिली नाही.