दगडावर उमटलेलें ध्रुवप्रदेशाचें बर्फ



जुन्या वाड्याच्या माजघरांत टांगलेलें लक्ष्मीचें वा शकुंतलेचें छापील चित्र आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस काढलेल्या छापखान्यांतून अशीं चित्रें घरोघरीं गेलीं. त्यापूर्वीं १८७८ मध्यें पुण्यास चित्रशाळा निघाली होती. आणि त्याच्याही आधीं, १८३१ सालीं, गणपत कृष्णाजींनीं मुंबईंत शिळाछापावर पंचांग छापलें होतें. याच शिळाछापानें फ्रेंच लोकांनीं दक्षिण ध्रुवाकडील बर्फाचें दर्शन कसें घडविलें, आणि त्या दर्शनावर विश्वास कितपत ठेवावा, हें आज सांगावयाचें आहे.

ही युक्ति जर्मनींतील सेनेफेल्डर यानें १७९८ च्या सुमारास पूर्णत्वास नेली. तेलाचें व पाण्याचें जमत नाहीं, एवढेंच तिचें बीज. चुनखडकाच्या गुळगुळीत फरशीवर स्निग्ध खडूनें चित्र काढावयाचें; मग डिंक व सौम्य आम्ल यांचा हात देऊन ती पाण्यानें भिजवावयाची. कोरी जागा पाणी धरते, रेघ तें झुगारते. वरून तेलकट शाईचा रूळ फिरविला कीं शाई रेघेसच चिकटते, आणि दाब देतांच चित्र उलटें होऊन कागदावर उतरतें. आमच्या झरीकडील काळ्या फत्तरावर हें साधणार नाहीं. उत्तम दगड बव्हेरियांतील सोल्नहोफेनहून येई.

आतां सफरीकडे वळूं. सप्टेंबर १८३७ मध्यें द्यूमाँ द'उर्व्हील हा दर्यावर्दी 'आस्त्रोलाब' व 'झेले' हीं जहाजें घेऊन तुलाँ बंदराहून निघाला. फेब्रुवारी १८३८ मध्यें दोन्ही जहाजें बर्फांत अडकलीं. खलाशांनीं बर्फ फोडून तीं मोठ्या कष्टानें सोडविलीं. पुढें रोगानें माणसें मरूं लागलीं. बरोबरचा चित्रकार अर्नेस्त गूपिल हाही १८४० च्या आरंभीं तास्मानियांतील होबार्ट येथें वारला. तेव्हां जहाजावरील साहाय्यक शस्त्रवैद्य लुई ल ब्रेताँ याच्याकडे चित्रकाराचें काम आलें. त्याच जानेवारींत बर्फाच्या कड्यापलीकडे भूमि दिसली. एका खडकाळ बेटावर उतरून मंडळींनीं निशाण रोंविलें व दगडांचे नमुने घेतले. कप्तानानें भूमीस आपल्या पत्नीचें, आदेलचें, नांव दिलें.

पुढील हकीकत करुण आहे. मे १८४२ मध्यें व्हर्सायहून परततांना आगगाडीच्या अपघातांत पति, पत्नी व पुत्र तिघेही दगावले. सफरीच्या चित्रांचे खंड १८४६ मध्यें निघाले. ते पुरे झालेले पाहण्यास कप्तान उरला नव्हता.

येथेंच खरा प्रश्न उभा राहतो. ल ब्रेताँनें बर्फ डोळ्यांनीं पाहिलें. पण दगडावर चित्र उतरविणारे कारागीर पॅरिसमध्यें बसलेले. हिमनग थोडा उंच केला, माणूस थोडा लहान केला, कीं देखावा भव्य होतो. हा मोह कोणासही पडावा. मग अशीं चित्रें खोटीं म्हणावीं काय? नाहीं. चित्र हा एक साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावयाची असते. जहाजाची रोजनिशी, व्हँसाँदाँ-द्यूमूलाँ याचे नकाशे आणि बेटावरून आणलेले दगड त्याच्याशेजारीं ठेवावे. भूमि खरीच होती, हें त्यांवरून ठरतें; शिखराची उंची मात्र चित्रावरून मोजूं नये.

हाच न्याय आपल्या घरांतील चित्रांसही लागूं आहे. शिळाछाप चित्राच्या खालच्या कडेस बहुधा डावीकडे मूळ चित्रकाराचें, उजवीकडे दगडावर उतरविणाऱ्याचें व मध्यें छापखान्याचें नांव असतें. चौकटींत नीट बसावें म्हणून लोक नेमकी हीच कड कापून टाकतात! कापली गेली ती साक्षीदाराची सही. तेव्हां जुनें चित्र चौकटकाराकडे देण्यापूर्वीं त्याला एकच ताकीद द्यावी, कीं कडेस कात्री लावूं नये.