घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे!

मैत्रिणींनो, आपल्याकडे घोरणं हा थट्टेचा विषय आहे. ‘आमच्या ह्यांचं घोरणं म्हणजे पिठाची गिरणी!’ असं आपण चारचौघींत हसत हसत सांगतो. सासूबाई वर म्हणतात, ‘दमून आलाय गं, गाढ झोपलाय, झोपू दे.’ पण घोरणारा माणूस गाढच झोपलेला असतो, हा समज काही खरा नाही. काही जणांची झोप तर इतकी तुटक असते की आठ तास अंथरुणावर पडूनही ती माणसं सकाळी उठतात ती दमलेलीच. आणि अशा माणसाच्या हाती दिवसा एस.टी.चं, ट्रकचं किंवा विमानाचं सुकाणू असलं तर?

ह्या एका प्रश्नावरून अमेरिकेत वैमानिकांचं वजन आणि मानेचं माप काढावं की नाही, असा मोठा वाद झाला. ‘वैमानिकांच्या वादाशी आमचा काय संबंध?’ असं तुम्ही म्हणाल. सांगते.

आमचं दुधनी हे सोलापूर आणि कलबुर्गीच्या मधलं, रेल्वेमार्गावरचं गाव. निम्मं गाव मराठीत बोलतं, निम्मं कानडीत. रात्रभर गाड्या धडधडत जातात आणि हंगामात तुरीची पोती भरलेले ट्रक बाजारातून निघतात. त्या गाड्यांवर आणि ट्रकांवर कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी मुलगा बसलेला असतो. तुमच्या गावातही असेलच. तेव्हा विमान लांबचं असलं तरी प्रश्न आपल्या दारातला आहे.

आधी हा विकार समजून घेऊ. त्याचं नाव स्लीप अ‍ॅप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेने हवा जाताना जो आवाज होतो, तेच घोरणं. वाट पूर्ण मिटली की श्वास थांबतो. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त. रक्तातला प्राणवायू कमी होतो, मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागं करतो, मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास आत येतो आणि पुन्हा घोरणं सुरू. तासाला असे पाच ते पंधरा अडथळे आले तर विकार सौम्य, पंधरा ते तीस आले तर मध्यम आणि तिसाच्या वर गेले तर तीव्र समजतात. गंमत अशी, की सकाळी त्या माणसाला यातलं काहीएक आठवत नाही! तो शपथेवर सांगेल, ‘मी तर छान झोपलो होतो.’

मानेभोवती चरबी साठली की ही वाट लवकर मिटते. म्हणून वजन आणि मानेचा घेर ही या विकाराची दोन मोठी लक्षणं मानली जातात.

आता विमानाकडे वळू. १३ फेब्रुवारी २००८ रोजी हवाई बेटांवर होनोलुलूहून हिलोला जाणारं एक छोटं विमान सकाळी सव्वानवाच्या सुमारास सुटलं. आत चाळीस प्रवासी. वाटेत दोन्ही वैमानिकांना झोप लागली. खालून हाका मारल्या जात होत्या, पण अठरा मिनिटं उत्तर नाही. विमान हिलो ओलांडून समुद्रावर पुढे गेलं. सुदैवाने दोघांना जाग आली आणि सगळे सुखरूप उतरले. पुढे तपासणीत मुख्य वैमानिकाला तीव्र स्लीप अ‍ॅप्निया असल्याचं आढळलं. लक्षात घ्या, ही गोष्ट रात्रीची नाही, चांगली उन्हं वर आल्यानंतरची आहे.

रेल्वेचंही असंच. १ डिसेंबर २०१३ ला न्यूयॉर्कमध्ये सकाळची एक लोकल गाडी वळणावर रुळांवरून घसरली आणि चार माणसं गेली. जिथे ताशी ४८ किलोमीटरची मर्यादा होती, तिथे गाडी १३० च्या वर होती. चालकाला तीव्र स्लीप अ‍ॅप्निया होता, आणि अपघात होईपर्यंत ते कुणालाच, अगदी त्यालाही, ठाऊक नव्हतं.

आपल्याकडची आठवण तर अजून ताजी आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं विमान मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं. १५८ माणसं दगावली, आठच वाचली. विमानातल्या ध्वनिमुद्रणात मुख्य वैमानिकाच्या घोरण्याचे आवाज सापडले. तो वाटेत दीड तासाहून अधिक वेळ झोपला होता, आणि जाग आल्यावरही डोक्यावर राहणारी झोपेची गुंगी निर्णय चुकायला कारण झाली असावी, असं चौकशी अहवालात म्हटलं आहे. सहवैमानिक ‘उतरू नका, पुन्हा वर घ्या’ असं सांगत होता. घोरण्याच्या आवाजावरून त्या वैमानिकाला हा विकारच होता, असं मात्र आपण म्हणायचं नाही. पण अर्धवट झोपेतून उठलेल्या माणसाचं डोकं किती मंद चालतं, हे या अपघाताने दाखवून दिलं.

तर अमेरिकेच्या विमान खात्याच्या मुख्य डॉक्टरांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये जाहीर केलं, की ज्या वैमानिकाचा बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त आणि मानेचा घेर १७ इंच किंवा त्याहून जास्त, त्याने आधी झोपेच्या तज्ज्ञाकडून तपासून यावं, मगच वैद्यकीय दाखला मिळेल. झालं! वैमानिकांच्या संघटना उठल्या. ‘निव्वळ जाडजूड आहे म्हणून धडधाकट माणसाला आजारी ठरवायचं? तपासणीचा खर्च कुणी करायचा? दाखला येईस्तोवर घर कसं चालवायचं?’ प्रकरण तिथल्या संसदेपर्यंत गेलं.

शेवटी २ मार्च २०१५ पासून मधला मार्ग निघाला. नुसत्या वजनावरून कुणाचाही दाखला अडवायचा नाही. डॉक्टरांनी वजन पाहावंच, पण त्याबरोबर घोरणं, दिवसाची पेंग, रक्तदाब आणि घशाची ठेवणही पाहावी. शंका आली तरी दाखला त्याच दिवशी द्यावा आणि वैमानिकाने ९० दिवसांत तपासणी करून अहवाल पाठवावा. विकार निघाला तर उपचार घ्यावेत, त्यांचा कागद दाखवावा आणि पुन्हा विमान चालवावं.

मला यातली शेवटची गोष्ट फार मोलाची वाटते. कारण माणूस आजार लपवतो तो आजाराच्या भीतीने नव्हे, पोटाच्या भीतीने. ‘सांगितलं तर गाडीवरून उतरवतील,’ ही धास्ती ड्रायव्हरच्या घरात बायकोलाही असते आणि म्हणून तीही गप्प बसते. नियम जर म्हणत असेल की उपचार घे आणि कामावर ये, तर लपवायला कारणच उरत नाही.

नुसत्या आकड्याचा काच काय असतो, ते आपल्याकडच्या विमानातल्या मुलींनाही ठाऊक आहे. २०१४ साली आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाने केबिन क्रूसाठी बीएमआयचे आकडे ठरवले. पुरुषांना १८ ते २५ आणि स्त्रियांना १८ ते २२! पुढच्याच वर्षी एअर इंडियाने सव्वाशेच्या आसपास जणांना जादा वजनापायी उड्डाणावरून उतरवायचं ठरवलं. तो नियम झोपेसाठी नव्हता, पण वजनाचा काटा एकटाच न्यायाधीश झाला की काय होतं, हे त्यावरून कळतं.

बीएमआय म्हणजे काही अवघड नाही. मी शाळेत काही तास शिकवते, तिथल्या सातवी-आठवीच्या मुलांना जमेल असं गणित आहे. वजन किलोत घ्या आणि उंची मीटरमध्ये. उंचीला उंचीने गुणा आणि त्या उत्तराने वजनाला भागा. १.६० मीटर उंची आणि ६४ किलो वजन असेल तर उत्तर येतं २५. अमेरिकेतला ४० चा आकडा आपण धरून बसू नये. आपली भारतीयांची ठेवण वेगळी. २३ पासूनच जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा, असं आपल्याकडचे तज्ज्ञ सांगतात. शिवाय बारीक माणसालाही, जबडा लहान असेल तर, हा विकार होऊ शकतो.

आता घरी काय करता येईल? कॅनडातल्या टोरांटोच्या डॉक्टरांनी २००८ साली आठ साधे प्रश्न ठरवून दिले, ते जगभर वापरतात. मोठ्याने घोरणं आहे का? दिवसा थकवा किंवा पेंग येते का? झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिला आहे का? रक्तदाब आहे का? बीएमआय ३५ च्या वर आहे का? वय पन्नाशीपुढे आहे का? मानेचा घेर ४० सेंटिमीटरहून जास्त आहे का? आणि पुरुष आहे का? तीन किंवा अधिक ‘हो’ आले तर डॉक्टरांना दाखवावं.

तिसरा प्रश्न पुन्हा वाचा, बरं का. त्याचं उत्तर घोरणाऱ्याला देता येतच नाही. ते शेजारी झोपणारीच देऊ शकते. तेव्हा एखाद्या रात्री घड्याळ उशाशी ठेवा. घोरणं एकदम थांबून शांतता झाली की सेकंद मोजा आणि कितीदा झालं ते सकाळी कागदावर टिपून ठेवा. शिवणाची टेप तर घरात असतेच, तिने मान मोजा. हा कागद घेऊन कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जा. ते झोपेची तपासणी सांगतील. काही वेळा ती घरी यंत्र लावूनही होते.

उपचार आहेत. १९८१ साली ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावर मुखवटा लावून हवेच्या हलक्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवायची युक्ती काढली. तिला सीपॅप म्हणतात. पहिले काही दिवस मुखवट्याची अडचण वाटते, पण तो नेमाने लावला तर दिवसाची पेंग जाते. वजन थोडं उतरलं तरी फरक पडतो. कुशीवर झोपणं, रात्री दारू न घेणं आणि मनाने झोपेच्या गोळ्या न घेणं, हे तर आजपासून करता येईल.

आणि मैत्रिणींनो, स्वतःलाही विसरू नका. पाळी गेल्यानंतर हा विकार आपल्यातही वाढतो. आपण कमी घोरतो, किंवा घोरतो हे आपल्याला कुणी सांगत नाही, कारण ऐकणारा आधीच झोपलेला असतो! सकाळी डोकं जड होणं, रात्री वारंवार जाग येणं, दुपारी बसल्या बसल्या डोळा लागणं, हे सगळं ‘वयाचं आहे, कामाचं आहे’ म्हणून आपण उडवून लावतो. तसं करू नका.

नवरा म्हणेल, ‘घोरण्यासाठी कुणी डॉक्टरकडे जातं का?’ त्या वेळी वाद घालू नका. ‘तुम्हाला आजारी ठरवायचं नाही, तुमची गाडी चालू राहावी म्हणून जायचं आहे,’ एवढंच सांगा आणि तुमचा कागद पुढे ठेवा. त्याचा श्वास थांबतो हे त्याला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.