गोलाकार तारकागुच्छातील ताऱ्यांची निजगती आणि दीप्ती

नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी नुसत्या डोळ्यांना अंधुक ताऱ्यासारखा दिसतो. वस्तुतः तो सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ आहे. त्याचे अंतर सुमारे ५.४ किलोपारसेक आहे. अशा दाटीत एकेका ताऱ्याची गती कशी मोजावयाची, याचा येथे विचार करू.

निजगती (सहस्रांश विकला प्रतिवर्ष) व अंतर (किलोपारसेक) यांच्या गुणाकारास ४.७४ ने गुणिले असता दृष्टिरेषेस लंब असा वेग दर सेकंदास किलोमीटरमध्ये मिळतो. येथे एक सहस्रांश विकला म्हणजे सुमारे २६ किलोमीटर होत. वीस वर्षांत असा तारा २० सहस्रांश विकला सरकेल. हबल दुर्बिणीच्या एका प्रतिमाग्राहकाचा चित्रघटक सुमारे ४० सहस्रांश विकलांचा आहे. म्हणजे सारे स्थानांतर अर्ध्या चित्रघटकाइतकेच! म्हणून ताऱ्याच्या प्रतिमेशी प्रमाणभूत आकार जुळवून तिचा मध्य चित्रघटकाच्या अल्पांशापर्यंत निश्चित करावा लागतो. याच क्रियेतून दीप्तीही मिळते. परंतु शेजारचा तारा प्रतिमेत मिसळल्यास दीप्ती वाढते, मध्य ढळतो, आणि आभासी गती उत्पन्न होऊ शकते.

गती खरी ठरली तरी तो तारा गुच्छातीलच कशावरून? मार्गातील परका ताराही वेगवान दिसेल. येथे दीप्ती साहाय्यास येते. वर्ण-प्रत आलेखात गुच्छातील तारे ठराविक रेषांवर येतात. परके तारे बहुधा त्यांबाहेर पडतात. योगायोगाने रेषेवर येणाऱ्यांची संख्या आजूबाजूच्या क्षेत्रावरून अजमावता येते.

या पद्धतीचे फळ २०२४ साली दिसले. हेबर्ले व सहकाऱ्यांनी हबलच्या पाचशेहून अधिक प्रतिमांवरून सुमारे १४ लक्ष ताऱ्यांच्या गती मोजल्या. केंद्रापासून तीन विकलांच्या आत त्यांना सात असे तारे आढळले की, ज्यांचा वेग केवळ ताऱ्यांच्या वस्तुमानाने ठरणाऱ्या मुक्तिवेगाहून, म्हणजे सेकंदास सुमारे ६२ किलोमीटरहून, अधिक आहे. त्यांना बांधून ठेवणारे काही नसते, तर सुमारे एक सहस्र वर्षांत ते केंद्रभागाबाहेर गेले असते. यावरून केंद्रस्थानी किमान ८,२०० सूर्यांइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर असावे, असा निष्कर्ष निघाला. ‘किमान’ हा शब्द सहेतुक आहे. आपणांस दिसणारे केंद्रांतर व वेग ही प्रक्षेपित असतात. खरी मूल्ये त्यांहून कमी असू शकत नाहीत.